गावखडी ते कशेळी : दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर पायी

सुरंगी (धागाकर्ती)

कोकणात चालायचं म्हटलं की लोक किनारा धरतात, नाहीतर किल्ला. मधला सडा (कातळाचं उघडं पठार) गाडीच्या काचेतून बघायचा, ‘काय ओसाड आहे’ म्हणायचं आणि पुढच्या बीचला जायचं. यंदा भाऊबीज उरकल्यावर मी आणि माझी मैत्रीण त्या सड्यावरूनच चाललो. रत्नागिरीच्या दक्षिणेला मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगड, पूल ओलांडला की गावखडी. तिथून कशेळी. गाडीवाल्याला विचाराल तर ‘हे काय, इथंच तर आहे’ म्हणेल. आम्हाला अख्खा दिवस लागला आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

मैत्रीण सोलापूरची. कॉलेजात एका खोलीत राहिलो तेव्हापासूनची. तिला समुद्राचं कौतुक आहे पण घाई कसलीच नाही. दर दहा पावलांवर थांबणार, वाकणार, ‘हे काय गं?’ विचारणार. मी किल्ल्यांवर पळत चढणाऱ्यांतली. तिच्याबरोबर चालताना पहिला तासभर माझे पाय नुसते शिवशिवत होते. नंतर शिवशिव थांबली.

पंचमी होती, त्यामुळे पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. उजाडता उजाडता गावखडीच्या सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो. सुरूचं बन बाहेरून आणून लावलेलं, वारा आणि वाळू अडवायला. त्याच्या पुढे वाळूवर पसरलेली मर्यादवेल मात्र इथलीच. जांभळी फुलं, आपट्याच्या पानासारखं दुभंगलेलं पान. वाळू धरून ठेवण्याचं काम ती सुरूच्या कितीतरी आधीपासून करते आहे. ओल्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी गोळ्या करून टाकलेल्या. मैत्रीण तिथे उकिडवी बसली ती उठेचना. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं सूक्ष्म काय ते काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतो. हे मला ऐकून माहीत होतं, बघितलं पहिल्यांदाच. कारण बघायला तिथे बसून राहावं लागतं, आणि आपण पाय वाजवले की तो बिळात.

पाणी आणखी मागे गेल्यावर खडकांवर कालवं काढायला बायका आल्या. हातात लोखंडी हत्यार, कमरेला डबा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. त्यांतल्या एकीने विचारलं, “कोणाकडच्या तुम्ही?” कोकणात या प्रश्नाला ‘कोणाकडच्या नाही’ हे उत्तर चालत नाही. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांचं घर सांगितलं, मग गप्पा सुरू झाल्या. एक कालव फोडून मैत्रिणीपुढे धरलं. ती शाकाहारी. दोघींची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

किनारा संपला की सड्यावर चढायचं. ज्यांच्याकडे उतरलो त्यांनीच गावातले एक काका बरोबर दिले होते. त्यांच्याशिवाय जाऊ नका हे आत्ताच सांगून ठेवते. सड्यावर वाटा इतक्या फुटतात (गुरांच्या, गवताच्या भाऱ्यांच्या, चिरेखाणीच्या ट्रकांच्या) की दिशा कळते पण वाट कळत नाही. आधी आगरातून (माड-पोफळीच्या बागेतून) पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, दोन्ही बाजूंना गडगे (दगडांचे बांध), एका ठिकाणी बेडं (वाट अडवणारी आडवी काठी) काढून पलीकडे गेल्यावर पुन्हा लावायचं (काकांनी मागे वळून बघितलं, लावलं की नाही ते). मग एकदम झाडं संपतात आणि वर उघडं.

नोव्हेंबरातला सडा म्हणजे गवत पिवळं पडलेलं, बावखोलं (पाण्याचे खळगे) आटत आलेली, कातळ काळा. सावली नाही. पण काकांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. ते म्हणाले, “खाली आगरात पाट वाहतो तो हा सडा पाणी पितो म्हणून.” जांभा भोकाभोकांचा दगड. पावसाचं पाणी आत मुरतं, हळूहळू खाली झिरपतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्याने बाहेर पडतं. माड, पोफळी, विहिरी, सगळं त्यावर. आणि सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद काय, तर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी!

दुपारी देवरहाटीच्या (देवराईच्या) कडेला बसून घावन-चटणी खाल्ली. रहाटीत आत गेलो नाही, काकांनी नको म्हटलं, विषय संपला. बाहेरूनच एवढं गार वाटत होतं की मैत्रीण अर्धा तास झोपली.

चारनंतर कशेळीच्या सड्यावरचा हत्ती. कातळात कोरलेला, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. जवळ उभं राहिलं तर काही कळत नाही, नुसत्या रेघा. हत्तीच्या आत आणखी लहानमोठे प्राणी कोरलेले आहेत, नजर त्यांच्यात अडकते आणि मोठा आकार सुटतो. आम्ही त्याच्या कडेकडेने फिरत राहिलो. ऊन तिरपं झालं तसतशा रेघांत सावल्या भरल्या आणि पाठ, सोंड, पाय सुटे दिसायला लागले. भर दुपारी गेलो असतो तर पाच मिनिटांत ‘बरं, झालं बघून’ म्हणून निघालो असतो.

मग कनकादित्य. सूर्याची देवळं आपल्याकडे कमीच, त्यात हे जुनं. सौराष्ट्राकडून येणाऱ्या व्यापाऱ्याचं गलबत इथे अडलं, मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवून तो गेला, पुढे कनका नावाच्या भाविणीला दृष्टांत झाला अशी कथा. ती घळ म्हणजे देवघळी. सूर्य बुडायच्या बेताला आम्ही देवघळीच्या कड्यावर होतो. तिथे मात्र गर्दी, गाड्या, कणसं, सगळं. ज्यांनी तेवढंच बघितलं त्यांना काय दोष द्यायचा. रस्ता तिथेच येतो.

परतीला रिक्षा. फोटो कमी आहेत, मैत्रिणीच्या फोनमधले मागितलेत.

भटका_गणपत

झकास! आधी एकच म्हणतो : जीपीएस ट्रॅक टाका. जानेवारीत आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप त्याच भागात आहे, थेट करून टाकू.

निवृत्त_मास्तर

सुरंगीताई, ओहोटीची वेळ तिथीवरून सांगितलीत म्हणून बरं वाटलं. नव्या मंडळींसाठी हिशोब लिहितो. तिथीचा आकडा घ्यायचा, तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येते ती भरतीची वेळ. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दहा. दुपारी पुन्हा चारच्या सुमारास भरती. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, आणि पाणी सर्वांत चढतं तेही त्याच दिवसांत. ते उधाण. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी. खडकांवर फिरायचं असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी धरा, पाणी फार लांब जातं. पण परत तेवढ्याच वेगाने येतं हे ध्यानात असू द्या.

शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब एकच.

खाऱ्या_पाण्याचा

मास्तर, हिशोब बरोबर पण ढोबळ. बंदराबंदरागणिक वेळ मागेपुढे होते आणि तिथी मधेच बदलते. मी दोन्ही बघतो, तिथी आणि भरतीचं छापील कोष्टक. जमलं तर गावातल्या रापणवाल्याला (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला) विचारायचं, तो पाण्याकडे बघून सांगतो.

उंडी

वा! सड्यावर लिहिणारं कोणी भेटलं. नोव्हेंबरात गेलात म्हणून पिवळं दिसलं. तोच कातळ ऑगस्ट-सप्टेंबरात बघा. जांभ्यावर माती बोटभर, तीत नत्र जवळजवळ नाही. म्हणून तिथे किडे खाणाऱ्या वनस्पती जोरात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब, त्यावर बारका किडा बसला की अडकला. सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुलं नाजूक दिसतात, पण जमिनीत बारीक पिशव्या असतात आणि सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. शेजारी गेंदाची पांढरी बटणं. जूनच्या शेवटी पहिल्या पावसानंतर दीपकाडी फुलते, पांढरी, कांद्यातून येणारी. तिचं शास्त्रीय नाव ‘डिपकॅडी कोंकणेन्स’, नावातच कोकण. आपल्या या सड्यांपलीकडे ती फारशी कुठे नाही.

यांतली बरीचशी झाडं दोन-तीन महिन्यांत उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि संपतात. पुढचे महिने बी कातळाच्या भेगेत वाट बघत पडून. तेव्हा ‘ओसाड’ दिसणाऱ्या सड्यावर चालताना पायाखाली सगळं पेरलेलं आहे हे लक्षात ठेवा आणि दहा-बारा जणांनी फैलावून चालू नका. एका रांगेत, मळलेल्या वाटेनं. (गणपतराव, हे तुम्हाला.)

भटका_गणपत

ऐकलं उंडीताई. एका रांगेत. पण ट्रॅक?

विळा_कोयता

मी त्याच पट्ट्यातला आहे, कुठल्या गावचा ते सांगत नाही. ट्रॅक टाकू नका ही विनंती. ही वाट ‘ट्रेल’ नाहीये. आमच्या मागीलदारातून जाते, आमच्या काकूच्या काजूतून जाते, आणि मग सड्यावर. आजवर शाळेत जाणारी पोरं, गुराखी आणि गवत आणणारे एवढेच चालायचे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सड्यावर कोणीतरी व्हिडिओ टाकला. त्यानंतर पावसाळ्यात शनिवार-रविवार थेट कातळावर गाड्या. बावखोलात गाडीची चाकं धुतलेली मी स्वतः बघितली आहेत. गुरं तिथेच पाणी पितात. बाईंनी लिहिलंय ते छान आहे, त्यांनी माणूस बरोबर घेतला, बेडं लावलं. ट्रॅक घेऊन येणारा बेडं लावत नाही.

अंधेरी_लोकल

हे नेहमीचं. गावात यायचं तर या, पण आम्हाला विचारून या. मग गावातली पोरं मुंबईला का येतात त्याचंही उत्तर द्या. चार लोक चालत आले, राहिले, जेवले, तर पैसा गावातच जाणार ना? वाटा सगळ्यांच्या असतात.

विळा_कोयता

वाटा सगळ्यांच्या असतात, विहिरी नसतात. एप्रिलात या, दाखवतो.

दोन_खोल्या_एक_पडवी

मी राहण्या-जेवण्याची सोय करते, याच किनाऱ्यावर, त्यामुळे माझा स्वार्थ आहे हे आधीच मान्य. तरीही विळा_कोयता भाऊंच्या बाजूने. ट्रॅक घेऊन येणारे माझ्याकडे राहत नाहीत. सकाळी गाडीतून येतात, पाणी-बिस्किटं शहरातूनच आणलेली, संध्याकाळी परत. गावात राहतो काय, तर कचरा. जे विचारत येतात ते दोन दिवस राहतात, वाटाड्याला पैसे देतात, कोकम-आमसुलं घेऊन जातात. माझ्याकडे वाट दाखवायला येतात ते काका सत्तरीचे आहेत, मुलगा पुण्यात. या दिवाळीला नातू त्यांच्याबरोबर चालत गेला, पहिल्यांदाच, कारण पाहुण्यांबरोबर जायचं तर पैसे मिळतात. अंधेरीकरांना हेच हवं असेल ना?

सुरंगी

ट्रॅक टाकणार नाही. माझ्याकडे आहे, पण तो ट्रॅक नसून आम्ही काकांच्या मागून चाललो एवढंच आहे. ज्यांना जायचंय त्यांनी गावखडीत किंवा कशेळीत राहायची सोय बघा आणि ‘सड्यावरून चालत जायचंय, कोणी येईल का’ एवढं विचारा. गणपतराव, दहा-बारा जण असाल तर दोन गट करा आणि दोन माणसं घ्या.

अंधेरीकर, भांडू नका हो, तुमचा मुद्दा पैशाचा आहे आणि पडवीताईंनी त्याचं उत्तर दिलंय.

आगरवाला

पाणी मुरण्याचं लिहिलंत तिथे थोडी भर. आमच्या वाडीच्या डोक्यावरच्या सड्यात चिरेखाण सुरू झाली. चिरा काढायचा म्हणजे वरचा कातळ उभा-आडवा कापत खड्डा खाली न्यायचा. खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं, लांबून तळं दिसतं, लोक म्हणतात बघा पाणी वाढलं. पण आमच्या आगरातला झरा पूर्वी होळीपर्यंत असायचा तो आता आधीच तुटतो. खाण हेच एकमेव कारण असं छातीठोक म्हणणार नाही, वरचा काजूचा डोंगरही मधे साफ झाला. पण घरं आम्हीही चिऱ्याचीच बांधतो. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही.

डॉक्टर_वाडीतले

लेख आवडला, पण सड्यावर चालण्याबद्दल एवढं लिहून फुरशाचं, या विषारी सापाचं, नाव नाही? रत्नागिरीच्या जांभ्यावर फुरसं मुबलक. हातभर लांब, तपकिरी, दगडाखाली नाहीतर गवताच्या मुळाशी वेटोळं करून असतं. डिवचलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. तो ऐकू आला की जिथे आहात तिथे थांबा आणि मागे व्हा. घोट्याच्या वरपर्यंत बूट घाला, सँडल नकोत. दगड उलटू नका. बसण्याआधी बघा. तिन्हीसांजेनंतर सड्यावर विजेरीशिवाय नको.

चावलंच तर : कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर आणायची गरज नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. सुरुवातीला माणूस ठीक दिसतो, म्हणून घरी थांबतो, आणि तिथेच घात होतो.

अवांतर : विंचवाचं तसंच. आपल्या लाल विंचवाचा दंश एकेकाळी कोकणात मुलांच्या जिवावर बेतायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर वापरून दाखवलं, तेव्हापासून चित्र बदललं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत नाही, महाडसारख्या गावात बसून केलेलं काम आहे ते.

सुरंगी

डॉक्टर, काका पुढे काठी आपटत चालले होते ते का, हे आता कळलं. आम्हाला वाटलं सवय.

डॉक्टर_वाडीतले

सवयच. चांगली सवय.

पहिल्यांदाच_लिहितेय

एक विचारू का, कोणी विचारलं नाही म्हणून. दिवसभर उघड्या सड्यावर दोन बायका. बाथरूमचं काय केलंत? आमचं चालणं दर वेळी याच एका गोष्टीमुळे बारगळतं. आणि पुरुष मंडळींच्या लेखात हे कधीच नसतं.

सुरंगी

विचारलंत ते उत्तम केलंत. सकाळी निघताना उतरलो तिथे, दुपारी सड्याच्या कडेच्या एका घरी, आणि संध्याकाळी कशेळीत. दुपारच्या घराचं आधी ठरलं नव्हतं. काकांनी ओळखून, आम्ही न विचारता, ‘इथे पाणी प्यायला थांबूया’ म्हटलं आणि घरातल्या वहिनींना हाक मारली. निघताना वहिनींनी गुळाचा खडा हातावर ठेवला. पाणी कमी पिणं हा उपाय नाही, सड्यावर ऊन लागतं. म्हणून वाटेतलं एखादं घर आधी विचारून ठेवा, वाटाड्याला सरळ सांगा. त्यांच्याही घरात लेकीसुना असतात.

खाडीपल्याड

सुरंगी बाय, आता वेंगुर्ल्याक येवा. चलाक नको, होडयेत बसाचा. मांडवीच्या खाडयेत बायकांच्या बचत गटान कांदळवन दाखवूचा काम घेतल्यान हा, वल्ही पण तीच मारतत.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) सड्यासारखंच खाजणाकडेही (खाडीकाठच्या खारफुटीच्या जमिनीकडेही) लोक ‘चिखल’ म्हणून बघतात. ओहोटीला गेलात तर चिखलातून वर आलेली तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं दिसतात. त्या चिखलात हवा नाही, म्हणून झाडाने मुळं वर काढलेली. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं आणि मग खाली पडतं. पांढऱ्या चिपीची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं मध प्यायला येतात. २०२० मध्ये चिपीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. आमच्या आजीला तेव्हा सांगितलं तर म्हणाली, “आता तरी तोडूचे थांबतले काय?”

आसूदबाग

गुडघे दुखणाऱ्यांसाठी लहान वाट सुचवतो : दापोलीजवळ आसूद, केशवराज. पोफळीच्या बागांतून उतार, तळाशी ओढा आणि साकव, पलीकडे पायऱ्यांचा चढ. देवळाजवळ गोमुखातून बारमाही पाणी. चढ आहे, पण झाडी एवढी की ऊन लागत नाही. आई पंचाहत्तरीची, सावकाश बसत-उठत गेली. भर मे महिन्यात गोमुखाखाली हात धरला तर बोटं बधिर होतात.

होकायंत्र

कातळशिल्पांचा विषय निघालाय तर राजापूर तालुक्यातलं देवाचे गोठणे सोडू नका. सड्यावर माणसाची एक आडवी आकृती कोरलेली आहे. तिथे होकायंत्र ठेवलं की काटा भलतीकडे फिरतो, कातळातच चुंबकीय गडबड आहे. कोरणाऱ्यांना हे माहीत होतं की योगायोग, यावर गप्पा रंगतात. मी योगायोगवाल्यांच्या बाजूचा.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली ही शिल्पं गेली : कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ. तात्पुरत्या यादीत जाणं म्हणजे दर्जा मिळणं नव्हे, उमेदवारी. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी वर्षानुवर्षं सडे तुडवून यांतली पुष्कळ शोधली. आणि त्यांना वाट कोणी दाखवली? गुराख्यांनीच. गावाला शिल्पं माहीत होती, फक्त ती कोणी विचारली नव्हती.

एक सूचना : फोटोत उठून दिसावं म्हणून काही महाभाग रेघांत खडू किंवा चुना भरतात. कृपा करून करू नका. तिरप्या उन्हाची वाट बघा, सुरंगींनी बघितली तशी. आणि शिल्पावर उभं राहायचं नाही.

अंधेरी_लोकल

हे मान्य. आणि ट्रॅकचा हट्ट मी सोडला, तसा तो माझा नव्हताच, गणपतचा होता. पण मग किमान कुठून सुरू करायचं त्याची एक पाटी तरी गावाने लावावी. पाटी, वाटाड्याचे दर, ‘गाडी इथपर्यंतच’. विळा_कोयता, याला तरी हरकत नाही ना?

विळा_कोयता

‘गाडी इथपर्यंतच’ या पाटीला आमच्या ग्रामसभेत मीच हात वर करीन. दरांची पाटी लावायला काका लोक तयार होणार नाहीत. ‘द्या काय ते’ म्हणतात आणि मग कमी दिलं तर वर्षभर बोलून दाखवतात.

दोन_खोल्या_एक_पडवी

अगदी! म्हणून मी पाहुण्यांना आकडा आधीच सांगते आणि काकांच्या हातात स्वतः देते.

सोलापुरी_चादर

मी ती मैत्रीण. आज खातं उघडलं, खास या धाग्यासाठी, कारण काही गोष्टी इथे चुकीच्या छापून आल्यात.

एक, मी अर्धा तास झोपले नाही. पंधरा मिनिटं. दुसरं, कालवाकडे बघून माझं तोंड वाकडं झालं नव्हतं. मी विचार करत होते की हे लोक त्या धारदार खडकावर अनवाणी कसे चालतात. तिसरं, ‘पाय शिवशिवत होते’ म्हणे! बाईसाहेब मला दर पाच मिनिटांनी ‘पुढे अजून भारी आहे’ सांगत होत्या. अगं, मला इथलंच बघू दे की. आमच्याकडे माळ म्हणजे माळढोक, हरणं, कुसळी गवत. तुमचा माळ ओला असतो हेच मला नवीन. कातळाच्या खळग्यात उरलेल्या वीतभर पाण्यात बेडकाची पिल्लं होती, पाणी आटायच्या आत पाय फुटायचे म्हणून घाईत असलेली. काका म्हणाले, काही जगतात, काही बगळ्याच्या पोटात. ते सुरंगीने लिहिलंच नाही, कारण ती तेव्हा पुढे उभी राहून घड्याळ बघत होती.

हत्तीजवळ मात्र तीच बसून राहिली आणि मी म्हणाले, चल, काळोख होईल, डॉक्टरांच्या फुरशाचा आवाज ऐकायचा नाहीये. (तेव्हा फुरसं माहीत नव्हतं, पण काळोख माहीत होता.)

फोटो उद्या टाकते. त्यात खेकड्याच्या गोळ्यांचेच जास्त आहेत, आधीच सांगते.

भटका_गणपत

खेकड्याचे फोटो चालतील. चादरताईंचं आगमन झालं, धागा वसूल.

आता एक शेवटचं : आम्हाला २६ जानेवारीची सुट्टी धरायची आहे. जमेल का? गवताला आगी लागतात असं ऐकलंय.

विळा_कोयता

जानेवारीअखेरपासून वणव्याचे दिवस. सड्यावरचं गवत तोवर वाळून कोरडंठाक होतं, एक विडी पुरते. आम्ही पहाटेच जाऊन कलमांभोवती जाळरेषा काढतो. या, पण विडी-सिगरेट, चूल, काही नाही. आणि दुपारी बाराच्या आत सड्यावरून खाली उतरा, सावली नाही. कातळशिल्पं मग सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, तेही चालतं. गावात आल्यावर मला इथेच निरोप टाका. माझा चुलतभाऊ येईल. दोन गट म्हणजे दोन भाऊ येतील.

निवृत्त_मास्तर

गणपतराव, जाण्याआधी पंचांगात त्या दिवसाची तिथी बघा आणि वरचं गणित स्वतः करून इथे लिहा. मी तपासून देईन.

भटका_गणपत

मास्तर, सुट्टीत गृहपाठ?

सोलापुरी_चादर

मी करते त्यांचा गृहपाठ. सुरंगी, आणि गावखडीला कासवांची घरटी असतात ना गं? आता नोव्हेंबरपासून अंडी घालतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात असं काका सांगत होते. म्हणजे जानेवारीपासून पुढे, फेब्रुवारी-मार्चलाही. माझी शिवरात्रीची सुट्टी आहे. तिकीट या वेळी तू काढ, मागच्या वेळी मी काढलं होतं.

सुरंगी

काढते. पण अमावास्येच्या आसपास येतेयस, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला. पाचला उठावं लागेल. झोपेचं बघ.